तळापासून वर: उभ्या वेगाचा हिशोब

(दृश्य: जिन्याची सावली, काचेची टाकी)

नागपूर. मे महिन्याची दुपार. गच्चीवर पाय पोळतात, म्हणून टाकी जिन्यात मांडली आहे. खाली मिठाचं पाणी, त्यात निळा रंग. वर साधं पाणी. ओतताना थर्माकोलचा तुकडा तरंगत ठेवला आणि त्यावर धार अगदी बारीक सोडली, म्हणून दोन्ही मिसळली नाहीत. मधली रेघ बघा, पट्टीने आखल्यासारखी.

तलावातही असे थर पडतात. तिथे मीठ नाही, ऊन ते काम करतं. उन्हाळ्यात विहिरीत उडी मारलेल्याला हे माहीत असतं: छातीशी कोमट, तळपायाला गार. 30 अंशांचं घनमीटरभर पाणी 20 अंशांच्या पाण्यापेक्षा जेमतेम अडीच किलोंनी हलकं. टनामागे अडीच किलो. तेवढ्यावर अख्खा तलाव दुमजली होतो.

(दृश्य: टेबल फॅन सुरू)

आता वारा. वरचं पाणी पलीकडच्या काचेशी लोटलं जातंय. आणि फॅनच्या बाजूला निळं वर चढतंय. इथल्या अंबाझरी तलावावर पश्चिमेचा वारा धरला, की पाणी समोरच्या बांधाकडे सरकतं आणि पश्चिम काठाला खालचं गार पाणी असंच चढू पाहतं.

हा चढण्याचा वेग संगणकात कसा काढायचा, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

तलाव लांबीरुंदीला मोठा, खोलीला थोडा. अशा पसरट पाण्यासाठी हायड्रोस्टॅटिक मॉडेल एकच गोष्ट धरून चालतं: कुठल्याही खोलीवरचा दाब म्हणजे वरच्या पाण्याचं वजन. गणित पुष्कळ सोपं होतं. पण उभ्या दिशेचं गतीचं समीकरण मात्र हातचं जातं. आडवे वेग बलांवरून निघतात. उभा वेग पाण्याच्या जमाखर्चातून काढावा लागतो.

(दृश्य: वहीचं पान, जवळून)

समजा, तळाचा एक चौकोन. 100 मीटर लांब, 100 मीटर रुंद, थर 1 मीटरचा. एका बाजूने पाणी सेकंदाला 5 सेंटिमीटर वेगाने आत येतं, समोरून 4 ने बाहेर जातं. बाकी दोन बाजू बंद. म्हणजे दर सेकंदाला 5 घनमीटर जमा, 4 खर्च. उरलेला 1 घनमीटर जाणार कुठे? खाली जमीन. तो वरच जाणार, दहा हजार चौरस मीटरच्या छतातून. वेग येतो सेकंदाला 0.1 मिलिमीटर. डोळ्याला दिसणारही नाही. पण दिवसभरात साडेआठ मीटर!

मग दुसरा थर, त्यात खालून आलेलं मिळवायचं. मग तिसरा. तळ उताराचा असेल तर सुरुवात शून्यापासून नाही, कारण पाणी उताराला धरूनच चढतं. असं करत पृष्ठभागापर्यंत.

इथे मी हट्टाने थांबतो. आडव्या वेगात सेकंदाला 1 मिलिमीटरची चूक झाली, तर या चौकोनात उभा वेग दहा टक्क्यांनी चुकतो, आणि ती चूक थरागणिक वर जाते. म्हणून पृष्ठभागाची पातळी ज्या आडव्या वेगांवरून काढली, उभा वेगही त्याच वेगांवरून, त्याच रीतीने काढायला हवा. वर पोचल्यावर आकडा पातळीच्या चढउताराशी जुळलाच पाहिजे. न जुळणारी बाकी वरच्या थरात गुपचूप ढकलली, तर तिथे नसलेली उष्णता तयार होते.

हा आकडा एवढा जपायचा कशाला? ऑक्सिजन संपलेलं तळाचं पाणी असं वर आलं, की मासे मरू शकतात.

रात्री वरचं पाणी गार होऊन खाली बुडतं, तेव्हा ‘दाब म्हणजे वरच्या पाण्याचं वजन’ हे गृहीतक पुरत नाही. मॉडेल ते थर सरळ मिसळून टाकतं.

(दृश्य: फॅन बंद. आवाज नाही.)

निळं उतरतंय. रेघ आडवी झाली, पण थांबली नाही. आता पलीकडच्या काचेशी चढतेय.