टाळू म्हणजे कुठली टाळू?

नमस्कार श्रोतेहो. एका भाषेतलं बोलणं यंत्राकडून, म्हणजे ज्याला आपण आता सर्रास एआय म्हणतो त्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, दुसऱ्या भाषेत करून घेणं हा आजचा विषय. मी तीसेक वर्षं पुण्यात जर्मन शिकवली, तेव्हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पण सुरुवात माझ्या थोरल्या बहिणीपासून करते.

ताई साताऱ्याची. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, जर्मनीत श्टुटगार्टला असते. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं, असं मला फार वाटतं. असो. भाचीचं पहिलं बाळंतपण. पौष महिना, बाहेर बर्फ. ताई डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, वेखंड, कुंची, दुपटी असं सगळं बांधून घेऊन गेली.

जर्मनीतली एक पद्धत फार चांगली आहे. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की सुईण घरी येते. तिला तिकडे हेबामे म्हणतात. रीतसर शिकलेली, परवाना असलेली बाई. पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते आणि खर्च आरोग्य विम्यातून होतो. बाळाचं वजन, नाळ, आईचे टाके, दूध नीट येतंय का, सगळं ती घरी येऊन बघते. आपल्याकडे आशाताई दारोदार जाऊन बाळ-बाळंतिणीची अशीच चौकशी करतात, आणि त्यांच्या पायपिटीच्या मानाने त्यांच्या हातात पडतात ते पैसे फारच थोडे आहेत. हे विषय सोडून झालं, पण बोलल्याशिवाय राहवलं नाही.

तर सहावा दिवस. भाचीने रात्र जागून काढलेली, तिचा नुकता डोळा लागला होता. जावई जन्माच्या दाखल्यासाठी बाहेर गेलेले. घरात ताई, बाळ, आणि दारात हेबामे. ताईला जर्मन येत नाही, इंग्रजी जेमतेम. त्या बाईंना मराठी येण्याचा प्रश्नच नाही. मधे टेबलावर भाचीचा जुना फोन आणि त्यात भाषांतराचं ॲप. ताई मराठीत बोलली की फोन जर्मनमध्ये बोलायचा, बाई जर्मनमध्ये बोलल्या की फोन मराठीत.

पहिली दहा मिनिटं छान गेली. बाळ किती वेळा प्यायलं, शी-शू किती वेळा झाली, वजन किती वाढलं, सगळं इकडून तिकडे नीट पोचलं. ताई मला रात्री फोनवर म्हणाली, "अगं, जादू वाटत होती." आणि जादूच आहे ती. साताऱ्याची आजी आणि श्टुटगार्टची सुईण एकमेकींशी थेट बोलतात, हे माझ्या तरुणपणी मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

एकच गोष्ट ताईला लागली. बाई तिशीतल्या, ताई बासष्ट वर्षांची, आणि फोन मराठीत विचारत होता, "तू हात धुतलेस का? तू बाळाला कुठे झोपवतेस?" पहिल्या भेटीत आपल्याला एकेरी? ताई गप्प राहिली, पण मनातून उतरलीच ती बाई. हे 'तू' लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

ताईने वाटीत तेल कोमट करून ठेवलं होतं. आंघोळीची वेळ झाली. ती फोनकडे तोंड करून म्हणाली, "आता मी बाळाची टाळू भरते."

फोन जर्मनमध्ये काही बोलला, आणि बाईंचा चेहराच बदलला. त्या भराभर बोलल्या. फोनमधून मराठी आलं, "बाळाच्या तोंडात काहीही घालू नकोस."

ताई म्हणाली, "तोंडात कोण घालतंय? टाळूत. टाळूत तेल भरायचंय." फोनने इमानाने तेही जर्मनमध्ये सांगितलं. बाई उठल्या, तेलाची वाटी उचलली आणि लांब खिडकीत नेऊन ठेवली.

श्रोतेहो, तीन मुलं वाढवलेल्या, आळीतल्या कितीतरी बाळांना पायांवर घेऊन न्हाऊ घातलेल्या बाईसमोरची तेलाची वाटी कुणी अशी उचलून नेली तर तिला काय वाटेल, ते मी तुम्हाला सांगायला नको. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या बाईंच्या कानावर काय पडलं होतं तेही बघा. सहा दिवसांच्या बाळाच्या तोंडात ही आजी तेल भरणार आहे! त्यांच्या जागी मी असते तरी वाटी उचलली असती.

कारण मराठीत टाळू दोन. एक तोंडात, वरच्या बाजूला, जिला जीभ लागते. दुसरी डोक्यावर, बाळाची मऊ टाळू, जिच्यात ठोके दिसतात. ताईच्या मनात डोक्यावरची होती आणि फोनने तोंडातली धरली. पुन्हा सांगते, ताईच्या मनात डोक्यावरची, फोनने धरली तोंडातली.

दोघी जणी थोडा वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग ताईने फोन पालथा घातला. खिडकीपाशी गेली, तेलात बोटं बुडवली आणि आधी स्वतःच्या डोक्यावर मधोमध टेकवली. मग बाळाचं टोपडं काढून, दाब न देता, नुसती थोपटल्यासारखी बाळाच्या डोक्यावर. बाई बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "आख, फोंटानेले!", म्हणजे डोक्यावरची मऊ टाळू, आणि हात कपाळाला लावून हसल्या. ताईही हसली.

पुढे जे घडलं ते ऐका, कारण या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग तोच आहे. बाईंनी फोन पुन्हा सुलटा केला आणि म्हणाल्या, मीही इथे रोज बोट ठेवून बघते. हा भाग आत गेलेला दिसला तर बाळाच्या अंगात पाणी कमी पडलंय असं समजायचं, त्याला दूध पुरत नाहीये. फोनने हे वाक्य मराठीत अगदी बरोबर सांगितलं. ताई ऐकतच राहिली. आमची आजी हेच सांगायची. बाळ मलूल दिसलं की ती आधी टोपडं काढून बघायची आणि म्हणायची, "टाळू खोल गेलीय, पाजा त्याला." गावातली आमची आजी आणि श्टुटगार्टची शिकलेली हेबामे, दोघी एकाच जागी बोट ठेवून एकच गोष्ट बघत होत्या.

निघताना बाई म्हणाल्या, "तुझ्या मुलीने आठवड्याच्या पलंगात आराम करावा." आठवड्याचा पलंग कुठला, म्हणून ताई घरभर बघत राहिली. जर्मनमध्ये बाळंतपणानंतरच्या काळाला वोखनबेट म्हणतात. वोखन म्हणजे आठवडे, बेट म्हणजे पलंग. सहा-आठ आठवडे बाईने पडून राहायचं. म्हणजे आपला सव्वा महिनाच की! दोन्ही भाषांत एकच गोष्ट, दोन्हीकडे बाईच्या विश्रांतीसाठी शब्द राखून ठेवलेला, आणि मधल्या यंत्राला त्याची ओळख नव्हती.

का नव्हती? थोडक्यात सांगते.

यंत्राला भाषा आपल्यासारखी येत नाही. त्याला वाक्यांच्या जोड्या दाखवतात. हे वाक्य मराठीत, तेच इंग्रजीत. अशा लाखो जोड्या. इंग्रजी-जर्मन जोड्यांची ददात नाही, युरोपीय संसदेतल्या भाषणांची भाषांतरंच वर्षानुवर्षं साठलेली आहेत. मराठी-जर्मन जोड्या मात्र फार थोड्या. म्हणून अनेक ॲप मधे इंग्रजीचा थांबा घेतात. आधी मराठीतून इंग्रजी, मग इंग्रजीतून जर्मन. साताऱ्याहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाला मुंबईला नेऊन परत फिरवावं, तसा हा प्रवास.

आणि त्या थांब्यावर सामान हरवतं. आता ते 'तू' आठवा. मराठीत तू आणि तुम्ही. जर्मनमध्येही डू आणि झी, अगदी आपल्यासारखं. बाईंनी ताईला आदराने झी म्हटलं होतं, हे मी भाचीकडून पक्कं करून घेतलं. पण मधे इंग्रजीत एकच 'यू'. तिथून मराठीत येताना यंत्राने 'तू' उचललं. मान दोन्ही भाषांत होता आणि तो मधल्या मधे गळाला. लिंगाचंही तसंच. तो, ती, ते ही तीन लिंगं मराठीत आहेत आणि जर्मनमध्येही आहेत. आपण 'ते बाळ' म्हणतो, जर्मन माणूसही बाळाला नपुंसकलिंगीच धरतो. इतक्या जवळच्या दोन भाषा, आणि त्यांची भेट घालून द्यायला इंग्रजी लागते, याचं मला वाईट वाटतं.

दुसरं कारण आपल्या बाजूचं आहे. मराठीच्या जोड्या येतात कुठून? सरकारी पत्रकं, बातम्या, प्रधानमंत्री कार्यालयाच्या संकेतस्थळावरची भाषणं. तिथे योजना, उद्घाटन, अर्थसंकल्प हे सगळं असतं. टाळू, धुरी, शेक, कुंची हे शब्द तिथे कुठून येणार? बाळंतिणीच्या खोलीतलं मराठी लिहिलंच गेलं नाही, आणि जे लिहिलं गेलं नाही ते यंत्राला येत नाही. हे तुम्हाला पुन्हा सांगते: जे लिहिलं गेलं नाही ते यंत्राला येत नाही. त्यातून आपण मोबाइलवर मराठी रोमन लिपीत टाइप करतो. माझे शिकलेसवरलेले विद्यार्थीसुद्धा करतात. देवनागरीचा कीबोर्ड फोनमध्ये फुकट असताना! मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

या खटाटोपाचा इतिहास जुना आहे. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये संगणकाने साठाहून जास्त रशियन वाक्यं इंग्रजीत करून दाखवली. अडीचशे शब्द आणि सहा नियम, एवढीच शिदोरी. तीन ते पाच वर्षांत काम फत्ते होईल असं तेव्हा वाटलं. १९६६मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की यंत्राचं भाषांतर माणसापेक्षा संथ, चुकीचं आणि महाग आहे, आणि पैसा आटला. नंतर बरीच वर्षं गेली. गूगलच्या भाषांतरात मराठी आली २०१३मध्ये. पुढे २०१७मध्ये आठ संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली आणि तिची पहिली परीक्षा घेतली ती इंग्रजीतून जर्मन आणि फ्रेंच करण्यातच. आज जगभर ज्या एआयचा बोलबाला आहे त्याचा पाया तीच रचना. त्या आठांतल्या निकी परमार पुण्यात इंजिनिअरिंग शिकल्या. म्हणजे गप्पा मारणाऱ्या या यंत्रांचं मूळ भाषांतरात आहे, हे भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारखीला फार सुखावणारं आहे.

आपल्याकडेही काम चाललंय. केंद्र सरकारचा भाषिणी हा उपक्रम २०२२मध्ये सुरू झाला. मद्रास आयआयटीतल्या एआयफॉरभारत या गटाने २०२३मध्ये राज्यघटनेतल्या बावीसही भाषांसाठी भाषांतराची यंत्रणा खुली केली. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता मराठीत वाचायला मिळतात, तिथेही यंत्राची मदत आहे. पण हे भाषांतर पक्षकाराला समजण्यापुरतं, अधिकृत मानायचं ते इंग्रजीच, असंही तिथे सांगितलेलं असतं. हा सावधपणा मला योग्य वाटतो. औषधाचं प्रमाण, कोर्टाचा कागद, जमिनीचा व्यवहार यात नुसत्या फोनवर विसंबू नका. तिथे दोन्ही भाषा येणारा माणूसच हवा, आणि त्याला त्याच्या कामाचे पैसे द्या. "दोन ओळी तर आहेत, करून दे की" असं भाषांतरकाराला म्हणू नका.

बाकी रोजच्या बोलण्यासाठी यंत्र जरूर वापरा. फक्त त्याच्याशी अर्धं बोलू नका. गेल्या महिन्यात मी ताईचं तेच वाक्य एका नव्या एआयला दिलं. आधी सांगितलं, सहा दिवसांचं बाळ आहे, आंघोळीआधी त्याला तेल लावायचंय, आणि ऐकणारी जर्मन सुईण आहे. मग टाळू बरोबर डोक्यावर गेली. शिवाय झी वापर असं सांगितलं, तर तेही वापरलं. संदर्भ द्या, पूर्ण वाक्य बोला. आणि आलेलं भाषांतर त्याच्याकडूनच पुन्हा मराठीत करून घ्या. डोक्यावरची टाळू तोंडात गेली असेल तर बऱ्याचदा तिथेच कळतं.

आणखी एक करता येईल. भाषिणीचा भाषादान नावाचा विभाग आहे. तिथे आपल्या आवाजात मराठी वाक्यं वाचून, ऐकलेली लिहून, भाषांतरं तपासून देता येतात. ताई आता दुपारी चहा झाला की बसते आणि वाक्यं वाचून देते, साताऱ्याच्या हेलासकट.

भाचीला आता दुसरं होणार आहे. ताई पुढच्या महिन्यात निघेल. हेबामे त्याच येणार आहेत, आणि मागच्या खेपेला त्यांना डिंकाचे लाडू फार आवडले होते. तेव्हा फोनने डिंकाचं चक्क च्युइंगगम केलं होतं, म्हणून ताईने डबा उघडून डिंकाचे खडेच दाखवले होते. या खेपेला तिने एक वही केलीय. माझ्याकडून वाक्यं तपासून घेतलीत, एकेक वाक्य यंत्रातून जर्मनमध्ये नेऊन परत आणून बघितलंय. वहीतलं पहिलं वाक्य असं आहे: "तुमच्या परवानगीने मी बाळाच्या डोक्यावरच्या मऊ भागाला, मधोमध, कोमट तेल लावणार आहे."

नमस्कार.