वारा, छर्रे आणि तीन माणसं

(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : धोपाव्याची जेटी, सकाळ. फेरीबोट लागते आहे.)

दाभोळहून सुटलेली फेरीबोट धोपाव्याला लागते. आधी दुचाक्या उतरतात, मग गाड्या, आणि सगळ्यांत शेवटी हे सायकलवाले. मुंबईहून निघालेत, किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्याला चाललेत. आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, पुढं तवसाळ ते जयगड. एकेक खाडी बोटीनं ओलांडायची आणि पुन्हा पायडल मारायला लागायचं. पाऊस गेला की असे ताफे सुरू होतात. टायर दाबून बघतात, पाण्याच्या बाटल्या भरतात आणि चढाला लागतात.

याच गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत चिऱ्याच्या दोन खोल्यांचं वाचनालय आहे. तीन मित्र सायकली घेऊन परदेशात भटकतात, अशी एक विनोदी कादंबरी तिथं यंदाच्या चातुर्मासात वाचली गेली. १४ प्रकरणं, १४ शनिवार.

(दृश्य : वाचनालयाची पडवी. पसरलेली पुस्तकं.)

पाऊस सरला की वाचनालयातलं पहिलं काम हे. कपाटं रिकामी करायची. एकेक पुस्तक हातात घेऊन टाळी वाजवल्यासारखं दोनदा मिटायचं, म्हणजे धूळ उडते आणि कसर लागली असेल तर तीही झडते. मग पडवीत उघडं करून ठेवायचं. उन्हात नाही, सावलीतच. उन्हात पानं कडक होतात आणि बांधणीचा डिंक सुटतो. कौलाखालच्या भिंतीला चार महिने ओल असते, त्यामुळे कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढलेलं. फळ्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या, कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला. ग्रंथपालबाई हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. गेली कित्येक वर्षं त्यांचा हात प्रत्येक पुस्तकाला वर्षातून एकदा तरी लागलेला आहे.

त्यातलंच हे एक. तपकिरी पुठ्ठा, पाठीवरचं नाव केव्हाच पुसलेलं. त्यावर कुणीतरी कागदाची पट्टी चिकटवून निळ्या शाईनं लिहिलंय : ‘तीन माणसं – भाग २’.

मूळ नाव ‘थ्री मेन ऑन द बमल’. लेखक जेरोम के. जेरोम. याचा पहिला भाग, ‘थ्री मेन इन अ बोट’, जगभर गाजलेला. १८८९ साली आलेल्या त्या पुस्तकात ‘जे’ नावाचा निवेदक, जॉर्ज, हॅरिस आणि त्यांचा कुत्रा टेम्स नदीतून होडी नेतात. जेरोमला खरं तर टेम्सकाठच्या गावांचा, इतिहासाचा गंभीर ग्रंथ लिहायचा होता. अधूनमधून गंमत असावी म्हणून लिहिलेला भागच फुगत गेला, आणि ज्या मासिकात तो छापून येत होता त्याच्या संपादकांनी इतिहास बराचसा काढून टाकला. जॉर्ज आणि हॅरिस ही माणसंही हवेतली नव्हेत. जॉर्ज विंग्रेव्ह आणि कार्ल हेन्शेल हे जेरोमचे खरे मित्र. कुत्रा तेवढा कल्पनेतला. हा दुसरा भाग ११ वर्षांनी, १९०० साली आला. आता ‘जे’ आणि हॅरिस यांची लग्नं झालीत, नदी नाही, कुत्रा नाही, जर्मनीतली सायकल-सफर आहे.

दुसऱ्या भागाबद्दल नेहमी एकच मत ऐकू येतं : पहिल्याची सर नाही. या वाडीत मात्र ते मत आधी पोचलंच नव्हतं. कारण पहिला भाग या वाचनालयात नव्हताच. इथल्या बहुतेकांना ही माणसं भेटली ती थेट दुसऱ्या भागात.

(दृश्य : संध्याकाळ. बल्बच्या उजेडात बसलेली माणसं. मास्तरांचे हात.)

चातुर्मासात संध्याकाळी पोथी लावायची इथं जुनी रीत. जमलेल्यांना पोथी ऐकायची सवय असते, मध्येच ‘पुढं?’ म्हणायचीही असते. निवृत्त मास्तरांनी हीच बैठक धरली. पुस्तक इंग्रजी, ऐकणाऱ्यांत इंग्रजी वाचणारी दोन-तीनच माणसं. मग मास्तर असं करतात : उजव्या हाताचं बोट ओळीवर, परिच्छेद मनात वाचायचा, मान वर करायची आणि तो मराठीत सांगायचा. पुन्हा मान खाली. त्या मधल्या शांततेत सगळ्यांचे डोळे त्या बोटावर असतात. बोट थांबलं की काहीतरी हसण्यासारखं येतंय, हे दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारपर्यंत सगळ्यांना कळायला लागलं होतं.

मास्तरांनी हॅरिसचा हरी केला नाही. लंडन लंडनच राहिलं, ड्रेस्डेन ड्रेस्डेनच. दोन जणांची सायकल कशी असते ते हातांनी दाखवलं. जिथं विनोद शब्दावरच उभा आहे आणि मराठीत येत नाही, तिथं तसं सरळ सांगितलं आणि पुढं गेले. भाषांतराचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

(दृश्य : किनाऱ्यावर ओढलेली होडी. तांडेल जाळं विणताहेत.)

हे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून सुरुवातीच्या शनिवारी नेमानं आले. पुढं होडी किनाऱ्याला असेल तेव्हा.

पुस्तकाच्या सुरुवातीला समुद्राच्या सफरीचा एक किस्सा आहे. निवेदकानं भाड्यानं शिडाची बोट घेतली. बोटीचा कप्तान रोज सकाळी सांगायचा, वारा बरोबर नाही. आज या दिशेचा, उद्या त्या दिशेचा, परवा पडलेलाच. दिवस जात राहिले आणि बोट बंदरात. हा भाग ऐकताना बैठक हसून लोळत होती. तांडेल हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, ‘त्याला पगार होता की वाटा?’

मास्तरांनी पानं मागंपुढं करून पाहिली.

इथल्या होडीवर पगार नसतो. मासळी विकली की डिझेल, बर्फ वगैरे खर्च काढायचा, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशांचे वाटे. वारा बरोबर नाही म्हणून तांडेल घरी बसला, तर तो स्वतःच्याच ताटातलं काढतो. म्हणून त्याचं ‘नाही’ सगळे ऐकतात. तांडेलांचं म्हणणं असं, की तो कप्तान लबाड होता की शहाणा, हे वाऱ्यावरून कळणार नाही, हिशोबावरून कळेल. या प्रकरणाबद्दल इतकं नेमकं मत मी तरी दुसरीकडं ऐकलेलं नाही.

(दृश्य : सायकल दुरुस्तीचं दुकान. जवळून : ग्रीसमध्ये माखलेले छर्रे.)

आता हे हात बघा.

पुढचं चाक आडवं. पान्यानं कोन, म्हणजे कण्यावरचा निमुळता नट, सैल होतो, कणा बाहेर येतो, आणि खाली धरलेल्या डब्याच्या झाकणात छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, पडतात. काळे, ग्रीसनं एकमेकांना चिकटलेले. रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्यात धरून चोळले की चमकायला लागतात. एखाद्यावर खड्डा दिसला तर तो बाजूला. वाटीत नवीन ग्रीस भरायचं आणि एकेक छर्रा बोटाच्या टोकानं बसवायचा. ग्रीस त्याला धरून ठेवतं. मग कोन आवळायचा, पूर्ण आवळून पाव फेरा मागं. चाक फिरवून सोडलं की व्हॉल्व्ह जड असल्यामुळे ते सावकाश झुलत खाली येऊन थांबतं. तसं थांबलं तर काम झालं. मध्येच अडकलं तर पुन्हा खोला.

कादंबरीत एक हौशी गृहस्थ निवेदकाची चांगली चालणारी सायकल खोलून बसतात. छर्रे बागेत सांडतात, अर्धा तास रांगून शोधतात, टोपीत गोळा करतात. १६ सापडतात. तेवढेच होते की जास्त, कुणालाच ठाऊक नसतं. आमचे सायकलवाले दादा बैठकीत मागं बसले होते. आकडा ऐकल्याबरोबर म्हणाले, ‘पुढच्या चाकाला दोन्हीकडं दहा-दहा लागतात. चार गेले.’

बैठक हसली त्या वेळी ते हिशोब करत होते. हे प्रकरण त्यांना सगळ्यांत आवडलं. सायकल न कळणारा माणूस असं लिहूच शकत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. इंग्रजी त्यांना येत नाही. मला ते या पुस्तकाचे उत्तम वाचक वाटतात.

(दृश्य : अंगणवाडीच्या पायरीवर ताई.)

हॅरिस आणि त्याची बायको हॉलंडमध्ये दोघांच्या सायकलवर असतात. रस्ता खडकाळ. हॅरिस मागं न बघता म्हणतो, घट्ट बस. तिला ऐकू येतं, उडी मार. ती उडी मारते, हा एकटाच पुढं जात राहतो.

अंगणवाडीतल्या ताई म्हणतात, डबलसीट बसल्यावर मागच्याला वाराच ऐकू येतो, यात त्या बाईचं काय चुकलं? त्यांना खरं आवडलं ते पहिलं प्रकरण. नवरा भीत भीत सांगतो की मला काही दिवस मित्रांबरोबर जायचंय, आणि बायको उलट खूशच होते, कारण तिलाही थोडी मोकळीक हवी असते. नवऱ्याला ते लागतं. ताईंच्या शेजारघरांतले पुरुष चाकरमानी. गणपतीला येतात, शिमग्याला येतात, बाकीचं वर्ष घर, गुरं, म्हातारी माणसं, बँकेची कामं बायकांच्या हातात. त्यामुळे त्या प्रकरणावर सगळ्यांत मोठ्यानं हसल्या त्या बायका, आणि ते हसणं निराळं होतं. ते चित्रीकरणात आहे. इथं मी बोलत नाही.

(दृश्य : बायकांचं हसणं. आवाज तसाच.)

पुस्तक न आवडलेलेही आहेत. चिपळूणला कॉलेजात जाणारी एक मुलगी पहिला भाग वाचून आली होती. तिचं म्हणणं, नदी सगळं एकत्र बांधून ठेवते, इथं तसं काही नाही, किस्से सुटे सुटे पडतात. हे खरं आहे. तिचा दुसरा मुद्दा मला जास्त पटला : जर्मन माणूस असा, जर्मन माणूस तसा, नियम म्हटला की मान खाली, असं सारखं येत राहतं. ‘कोकणी माणूस असाच’ हे आपण जन्मभर ऐकतो, मग दुसऱ्यांबद्दल ऐकताना हसू का यावं? यावर दोन शनिवार वाद झाला. विद्यार्थ्यांच्या तलवारीच्या द्वंद्वाचं प्रकरण आलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. जेरोमही तिथं गंमत सोडून देतो, त्या प्रथेवर सरळ टीका करतो.

रत्नागिरीत १८२८ पासून वाचनालय आहे, कोकणाला वाचनाची परंपरा शिकवावी लागत नाही. वाडीतलं हे वाचनालय ‘ड’, म्हणजे सगळ्यांत खालच्या वर्गातलं, अनुदान हप्त्यांनी येतं, कौलांचं काम यंदाही राहिलं.

(दृश्य : शेवटचा शनिवार. मास्तर पुस्तक मिटतात.)

‘बमल’ म्हणजे काय, हे लेखक अगदी शेवटी सांगतो. लांब असो की आखूड, मुक्काम न ठरवता केलेला प्रवास. अट एकच, ठरल्या वेळेत निघालो तिथं परत यायचं. मराठीत काय म्हणावं? भटकंती म्हणून झालं, उनाडकी म्हणून झालं, रपेट म्हणून झालं. मास्तरांना एकही पुरेसा वाटेना. सायकलवाले दादा म्हणाले, फेरी. थोडा वेळ सगळे गप्प झाले, मग कुणीतरी ते पाटीवर लिहिलं. ते अजून पुसलेलं नाही.

कॉलेजातल्या मुलीनं पहिल्या भागाची स्वतःची प्रत वाचनालयाला दिली आहे. दाखल नोंदवहीत तिची नोंद झाली. पुढच्या आषाढात तो लागेल. प्रकरणं १९.

(दृश्य : कपाट बंद होतं. बाहेर खळ्यात तांडेल.)

तांडेलांनी जाता जाता विचारलं, त्यात होडी आहे म्हणता, ती वल्ह्याची की शिडाची?

वल्ह्याची, मास्तर म्हणाले. आणि कधी कधी काठावरून दोरीनं ओढत न्यायची.