काळ आणि काल: मुलांच्या काव्यवाचन महोत्सवाची तयारी

नमस्कार मंडळी.

महोत्सवाचा दिवस एकच असतो. तो घडतो मात्र आधीच्या आठ आठवड्यांत, तुमच्या स्वयंपाकघरात, गाडीत आणि आजीच्या खोलीत. म्हणून आज रंगमंचाबद्दल थोडं आणि त्या आठ आठवड्यांबद्दल जास्त बोलते.

पहिला प्रश्न कवितेच्या निवडीचा. इथे परदेशात वाढणारी बहुतेक मुलं मराठी कानाने शिकली आहेत. वाचन मागाहून आलं, काहींचं अजून यायचंय. तेव्हा कविताही कानानेच निवडू द्या. घरातल्या मोठ्या माणसाने तीन कविता मोठ्याने वाचाव्यात आणि मुलाला जी पुन्हा ऐकावीशी वाटेल ती घ्यावी. आपल्या शाळेतली आवडती कविता मुलाच्या गळ्यात मारली, की पाठांतर होतं पण आवाजात जीव येत नाही, आणि हे तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसालाही कळतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना आठ ओळी पुरेत, आठ ते दहाच्यांना बारा ते सोळा. त्यापुढच्या गटांना ओळींऐवजी वेळेची मर्यादा घाला: अकरा ते चौदा तीन मिनिटं, पंधरा ते अठरा चार.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. कविता आठच ओळींची, पण त्या आठ ओळींत ‘ळ’ नऊ वेळा येतो, त्यांतले चार एकट्या शेवटच्या दोन ओळींत. ज्या मुलाचा ‘ळ’ अजून बसलेला नाही, त्याची शेवटी फजिती होणार हे आधीच दिसतं. म्हणून ती कविता टाळू नका; उलट ‘ळ’ बसवायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. मुलाला आधी कवितेचा नकाशा काढायला सांगा. निळासावळा झरा, टेकडीकडचं चार घरांचं गाव, पुढे हिरवी शेतं, त्यांतून डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड. रंगीत खडूंनी काढलेला हा नकाशा डोळ्यासमोर असला, की ओळींचा क्रम चुकत नाही. नजर झऱ्यावरून डोहाकडे जाते तसा आवाजही आपसूक खाली येत जातो. तिथे वेगळा अभिनय शिकवावा लागत नाही.

‘ळ’साठी जिभेचं टोक वर वळवून टाळूला लावायचं आणि पुढे आपटत सोडायचं. सराव दोन स्वरांमधल्या ‘ळ’पासून करा: डोळा, केळी, आभाळात. शब्दाच्या शेवटचा ‘ळ’ नंतर. ‘काळ’ आणि ‘काल’, ‘वेळ’ आणि ‘वेल’ अशा जोड्या मुलाला डोळे मिटून ऐकवा आणि कुठला शब्द होता ते विचारा. ज्याला ऐकताना फरक कळत नाही, त्याला बोलताना तो करता येत नाही. हा खेळ रोज पाच मिनिटं, दोन आठवडे. त्याआधी मुलाला टोकत बसू नका.

दुसरी अडचण ‘त’ आणि ‘प’ची, आणि ती आपल्या लक्षात येत नाही कारण अर्थ कळलेला असतो. इंग्रजीच्या सवयीने जीभ दातांमागे न जाता वर हिरडीला लागते आणि ‘तारा’चा ‘टारा’ होतो. शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ही हवा सोडत येतो आणि ‘पाणी’ ऐकताना ‘फाणी’कडे झुकतं. पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरा. ‘पाणी’ म्हणताना ती जवळजवळ हलायला नको, ‘खार’ आणि ‘थंडी’ म्हणताना मात्र हलली पाहिजे. मुलांना ही पट्टी फार आवडते, कारण चूक आईने दाखवायच्या आधी कागदच दाखवतो. ‘च’ आणि ‘ज’चे दोन उच्चार मात्र लिपी दाखवत नाही. चंद्राचा ‘च’ वेगळा, चांदण्याचा वेगळा; ‘माझा’ आणि ‘माझी’तला ‘झ’ही एक नाही. हे नियमाने शिकवण्यात अर्थ नाही, ऐकवूनच येतं.

रोमन लिपीत कविता लिहून देऊ नका, ही या सभागृहातल्या प्रत्येक पालकाला कळकळीची विनंती आहे. मला, माला, मळा, माळा हे चार शब्द रोमन लिपीत आपण एकाच स्पेलिंगने लिहितो. मग मूल त्यातला जो शब्द आधी ओळखीचा, तो म्हणतं. देवनागरी वाचता येत नसेल तर कागदच नको, ध्वनिमुद्रण द्या. एक ओळ म्हणायची, तितक्याच लांबीची शांतता ठेवायची, मग पुढची ओळ. त्या शांततेत मूल स्वतः म्हणतं. सलग म्हटलेल्या ध्वनिमुद्रणाचा तोटा असा, की मूल फक्त गुणगुणत राहतं आणि म्हणणाऱ्याने जिथे श्वास घेतला तिथेच श्वास घेतं. दहा वर्षांच्या छातीला तो श्वास पुरत नाही.

आता वृत्तातल्या कवितांबद्दल, कारण परीक्षकही इथे चुकतात. मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात, ओळीत बारा अक्षरं. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ ही ओळ आपण बोलतो तशी म्हटली तर ‘गणाधीश्’ आणि ‘ईश्’ होऊन दोन अक्षरं गळतात आणि चाल लंगडी पडते. वृत्तात शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारायचा. ज्या मुलाने तो उच्चारला त्याचे गुण ‘कृत्रिम उच्चार’ म्हणून कापू नयेत. मुक्तछंदात नेमकं उलटं. तिथे बोलण्याचाच उच्चार हवा, आणि ओळ संपली म्हणून थांबायचं नाही, अर्थ संपला की थांबायचं.

बोलीतल्या कवितेलाही हाच न्याय. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत ‘मानूस’ आहे, ‘माणूस’ नाही. ‘मधी’ आहे, ‘मध्ये’ नाही. ते सुधारून म्हणायला लावणं म्हणजे कविता मोडणं. संहिता ज्या बोलीत आहे त्याच बोलीत म्हणणं हाच शुद्ध उच्चार, असं परीक्षकांच्या सूचनापत्रात ठळक अक्षरांत हवं.

चालीवर म्हणायचं की वाचायचं, यावर दरवर्षी वाद होतो. दोन्ही परंपरा आपल्याच आहेत. 1923च्या सुमारास पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता गाऊन लोकांपर्यंत नेली. पुढे वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव कविता वाचून दाखवल्या. माझं मत स्पष्ट आहे: स्पर्धा वाचनाची असेल तर चाल नको. चाल मुलाला आधार देते पण अर्थही गिळते; मूल सुरात पुढे सरकतं आणि ‘का’ विचारलं तर सांगता येत नाही. गायनाचा स्वतंत्र गट ठेवा, त्याला गुण नकोत.

पाठांतर शेवटच्या कडव्यापासून सुरू करा. रोज पहिल्या ओळीपासून म्हटलं की पहिलं कडवं पन्नास वेळा होतं आणि शेवटचं पाच वेळा. विसरायला होतं ते नेहमी शेवटीच. शेवटचं कडवं पक्कं असलं तर मूल प्रत्येक ओळीला ओळखीच्या मुलखाकडे जात असतं. केशवसुतांची ‘तुतारी’ घेणाऱ्या मोठ्या मुलांना आणखी एक सांगायचं: पहिल्याच ओळीला सगळा आवाज लावू नका. पुढे चढायला जागा उरत नाही आणि घसा बसतो.

गुणांची वाटणी अशी सुचवते: उच्चार 30, अर्थाची जाण 30, लय आणि विराम 20, पाठांतर 10, आवाज आणि उभं राहणं 10. वेशभूषेला शून्य. पाठांतराला दहाच गुण का, असं विचारलं जातं. कारण एक ओळ विसरलेलं मूल रडत खाली उतरू नये. पहिल्या तीन स्पर्धकांना परीक्षक हात राखून गुण देतात, म्हणून सुरुवातीला स्पर्धेबाहेरच्या एखाद्या मोठ्या मुलाने कविता म्हणावी आणि तिन्ही परीक्षकांनी तिचं गुणदान करून आकडे एकमेकांना दाखवावेत. फरक पंधराच्या वर गेला तर तिथेच बोलून घ्यावं.

मंचाजवळ एकच सूचक, पहिल्या रांगेत, मोठ्या टायपातली नोंदवलेली संहिता हातात घेऊन. पाच सेकंद शांतता झाली की पुढच्या ओळीचा पहिला शब्द, बस. प्रेक्षकांतून आईने ओळ सांगितली की मूल सूचकाकडे बघेनासं होतं, आणि आईकडची प्रत वेगळ्या पाठाची असली तर गोंधळ दुप्पट. संहिता छापील पुस्तकावरून पडताळा. इंटरनेटवरच्या प्रतींत अनुस्वार आणि कधी आख्खी ओळ गळालेली असते. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’ धडाधड आदळतात. दोन उंचींचे दोन माइक ठेवा. चाळीस मुलं आणि प्रत्येकी साडेचार मिनिटं धरली, नाव पुकारण्यापासून टाळ्यांपर्यंत, तरी तीन तास होतात. लहानग्यांचा गट पहिल्या तासात उरका.

हे सगळं करणारी माणसं याच खोलीत आहेत. सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा हा आपला सगळ्यात मोठा ठेवा आहे. आजी, तुम्ही वर्ग घ्यायची गरज नाही, फक्त फोनवर शांततेसह चार कविता म्हणून द्या. पुढच्या वर्षीच्या मुलांनाही त्या पुरतील. ज्या घरात आई किंवा बाबा मराठी नाहीत, त्यांच्याकडे कागदाची पट्टी आणि घड्याळ द्या. तेवढं काम भाषेवाचून होतं. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींनी सूचक आणि सूत्रसंचालक व्हावं, कारण छोट्यांना त्यांचं ऐकायला आवडतं.

दाराशी दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत कवितेचं नाव आणि मुलाचा गट, दुसरीत तुमचा आवाज देणार असाल तर तुमचं नाव. संहिता पुढच्या भेटीत आणा, देवनागरीत, दोन ओळींमध्ये बोटभर जागा सोडून. श्वासाच्या खुणा पेन्सिलने करा. चौथ्या आठवड्यात त्या बदलाव्या लागतील.