आलेक्झांडरवोल मंडळीचे दप्तर

मित्रहो, अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात गोसेल नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या जवळच, गव्हाच्या शेतांमध्ये, आलेक्झांडरवोल मेनोनाइट मंडळीचे, म्हणजे मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका स्थानिक धर्मसमुदायाचे, प्रार्थनामंदिर आहे. या मंडळीविषयी बोलताना बहुतेक जण रशियाहून आलेल्या ‘टर्की रेड’ गव्हापासून सुरुवात करतात. मी मात्र आज तिच्या नोंदवह्यांविषयी बोलणार आहे. तीन देशांत शेती केलेल्या या समाजाने स्वतःला कसे ओळखले, हे मला तिथे अधिक स्पष्ट दिसते.

या मंडळीचे मूळ पोलंडमधल्या व्हिस्टुला नदीकाठी, श्वेत्स शहराजवळच्या प्शेखूव्को या वस्तीत आहे. शस्त्र हाती धरायचे नाही आणि बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वेच्छेनेच घ्यायचा, ही मेनोनाइटांच्या श्रद्धेची दोन मुख्य सूत्रे होत. १७७२ च्या पोलंडच्या फाळणीत हा प्रदेश प्रशियाकडे गेला. सैन्यात न जाण्याची सवलत मिळाली खरी, पण तिच्या मोबदल्यात दरवर्षी ५,००० थालर (चांदीची नाणी) भरावे लागत आणि पुढे १७८९ च्या हुकुमाने नवी जमीन घेण्यावरही निर्बंध आले. वाढत्या कुटुंबांना जमीन पुरेना, तेव्हा ‘वडील’, म्हणजे मंडळीचे प्रमुख धर्मसेवक, पेटर वेडेल यांच्या नेतृत्वाखाली मंडळीतले बरेच जण १८२० च्या सुमारास दक्षिण रशियातील, म्हणजे आजच्या युक्रेनमधील, मोलोच्ना वसाहतीत गेले. वाटेत झार पहिला अलेक्झांडर भेटला आणि त्याने शुभेच्छा दिल्या, म्हणून नव्या गावाला आलेक्झांडरवोल हे नाव पडले, अशी परंपरा आहे.

पन्नास वर्षांनी लष्करी सेवेचा प्रश्न पुन्हा दारात आला. रशियन सरकार जुनी सवलत काढून घेणार हे दिसताच १८७३ मध्ये मेनोनाइटांनी बारा प्रतिनिधी उत्तर अमेरिकेची पाहणी करायला पाठवले. आलेक्झांडरवोलचे वडील याकोब बुलर त्यांपैकी एक होते. १८७४ मध्ये जवळजवळ सगळे गाव, सुमारे ८०० जण, ‘सिंब्रिया’ आणि ‘ट्यूटोनिया’ या दोन जहाजांतून हांबुर्गहून निघाले. सांता फे रेल्वे कंपनीकडून त्यांनी जमिनी घेतल्या. स्वतःची घरे उभी राहीपर्यंत कंपनीने बांधून दिलेल्या लांबलचक निवाऱ्यांत कितीतरी कुटुंबे दाटीवाटीने राहिली. काही लोक डीट्रिख गेडर्ट यांच्याबरोबर होफनुंग्साउ येथे वसले आणि तिथे वेगळी मंडळी झाली.

या सगळ्या प्रवासात सामानाबरोबर जुनी नोंदवहीही आली. प्शेखूव्कोमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वडील याकोब वेडेल यांनी ती लिहायला घेतली, आणि तिच्यातल्या वंशावळी त्यांच्याही आधीच्या पिढ्यांपर्यंत मागे जातात. अशा वहीचे पान नीट पाहावे. पती, पत्नी, त्यांचे आईवडील, मग मुले. प्रत्येकापुढे जन्म, बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू. बालपणीच वारलेल्या मुलापुढे जन्म आणि मृत्यू या दोनच तारखा असतात, बाप्तिस्म्याची जागा कोरी राहते. बालबाप्तिस्मा देणाऱ्या चर्चची पुस्तके पाहिलेल्या माणसाला ती हयगय वाटेल. पण ती हयगय नव्हे. ज्याने स्वतः निर्णय घेतलेला नाही त्याच्या नावावर बाप्तिस्मा लिहायचा नाही, हे तत्त्वच तिथे पाळलेले आहे. त्याच पानावर काही ओळींनंतर गेलेल्या मुलाचेच नाव पुढच्या अपत्याला दिलेले आढळते. त्या आईवडिलांच्या दुःखाविषयी वहीत याहून एक अक्षर अधिक लिहिलेले नसते, आणि मला ती नोंद दर वेळी थांबवते.

संशोधकाला खरा त्रास नावांचाच होतो. वेडेल, बुलर, श्मिट, उनरू, फोट, रात्सलाफ अशी मोजकी आडनावे आणि त्यांच्यापुढे पेटर, याकोब, हाइनरिख ही तीच ती नावे; त्यामुळे बापाचे नाव आणि जन्मतारीख जुळल्याशिवाय जहाजाच्या प्रवासी यादीतला पेटर श्मिट म्हणजे वहीतलाच पेटर श्मिट असे मानू नये. शिवाय या वह्या जुन्या जर्मन वळणात लिहिलेल्या आहेत. मोडीचा कागद जसा छापील मराठी येणाऱ्यालाही लागत नाही, तसेच छापील जर्मन वाचणाऱ्याचे तिथे होते.

वहीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मंडळीचे निर्णय बंधुसभेत होत आणि पूर्वी तिथे मत पुरुषांचेच असे, म्हणून सभांच्या वृत्तांतांत स्त्रियांचा आवाज शोधूनही सापडत नाही. स्थलांतराचा निर्णय घरात कसा झाला, कोणाचा विरोध होता, हे त्यांतून कळणार नाही. कुटुंबनोंदीत मात्र स्त्री आपल्या आईवडिलांसह दिसते. अनेक घराण्यांमधले नाते केवळ तिच्यामुळेच जुळवता येते, आणि म्हणून वंशावळ फक्त पुरुषांच्या बाजूने लावणाऱ्यांनी हे दप्तर अर्धेच वाचले असे मी म्हणेन.

आपल्याकडच्या अभ्यासकांसाठी एक गोष्ट सांगतो. १९०० च्या आसपास अमेरिकन मेनोनाइटांनी दुष्काळग्रस्त मध्य प्रांतात धमतरी आणि चांपा येथे मिशनकार्य सुरू केले. त्या प्रांताचा कारभार नागपूरहून चाले. चांपाचे काम मेनोनाइट मंडळ्यांच्या ज्या परिषदेचे, म्हणजे संघटनेचे, होते, तिच्याशीच आलेक्झांडरवोल मंडळी संलग्न होती, आणि त्या परिषदेच्या मिशन मंडळाची कागदपत्रे कॅन्ससमध्येच, नॉर्थ न्यूटन येथील बेथेल कॉलेजच्या अभिलेखागारात आहेत. चांपाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने नागपूरच्या सरकारी दप्तराबरोबर तिकडचे कागदही मागवून पाहावेत.