वीजबिलावरचे नाव आणि छतावरचे सौरपॅनेल

श्रोतेहो, नमस्कार.

घराच्या छतावर सौरपॅनेल बसवायला सरकार अनुदान देते, हे आता मराठवाड्यातल्या बहुतेक गावांना ठाऊक झाले आहे. मात्र ‘आपण त्यात बसतो का’ या प्रश्नावर पारावर जी उत्तरे मिळतात, त्यांतली पुष्कळशी चुकीची असतात. तांड्यावर, वाडीत आणि शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यांचे या चुकीच्या उत्तरांमुळे अधिक नुकसान होते, म्हणून आज पात्रतेविषयीच बोलणार आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’च्या अटी खरे तर थोड्या आहेत. अर्जदार भारतीय नागरिक असावा, घर स्वतःचे असावे, त्यावर पॅनेल बसतील अशी जागा असावी, घरगुती वीजजोडणी असावी आणि सौरपॅनेलसाठी आधी कुठलेही अनुदान घेतलेले नसावे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्राकडून मिळतात. त्यासाठी पॅनेल मात्र देशी बनावटीचे सेल वापरलेले आणि काम नोंदणीकृत विक्रेत्याकडून केलेले असले पाहिजे. शेतजमिनीची अट नाही आणि पिवळ्या रेशनकार्डाचीही नाही.

मग अर्ज अडतात कुठे? माझ्या पाहण्यात तरी बहुतेक वेळा वीजबिलावरच्या नावापाशी. आमच्याच घरचे सांगतो. बिले तारेच्या आकड्याला ओवून भिंतीवर टांगायची आमच्याकडे जुनी रीत आहे. वर्षानुवर्षे ती भरली जात होती आणि त्यांवर आजोबांचे नाव आहे, याकडे कुणीही लक्ष दिले नव्हते. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. विक्रेत्याने आगाऊ रक्कम घेतली, सांगाड्याचे माप नेले आणि नंतर कळवले की अर्ज, ग्राहक क्रमांक आणि बँकखाते यांवरची नावे जुळत नाहीत. आजोबांचा मृत्यू दाखला, घराचा नमुना नंबर आठचा उतारा आणि चुलत्यांची संमतीपत्रे गोळा करण्यात तीन महिने गेले, कारण एक चुलते पुण्याला असतात आणि दुसऱ्यांशी बोलणे नव्हते. आगाऊ पैसे परत मिळवताना जो मनस्ताप झाला, तो मी विसरलेलो नाही. म्हणून कळकळीने सांगतो, बिलावरचे नाव बदलून घेतल्याशिवाय कुणालाही एक रुपया देऊ नका. ज्या गावांचे ड्रोनने मोजमाप झाले आहे, तिथे गावठाणातल्या घराची सनद मिळते. मालकी दाखवायला तिचा चांगला उपयोग होतो.

शेतातल्या वस्तीची अडचण वेगळी आहे. कृषिपंपाच्या जोडणीवरूनच घरातले दिवे लागत असतील, तर ती जोडणी घरगुती नाही आणि तिच्यावर हे अनुदान मिळणार नाही. आधी महावितरणकडे घरगुती मीटरसाठी अर्ज करावा लागतो. जुन्या जोडणीचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज घेता येईल ती मर्यादा, कमी आहे, म्हणून मात्र कुणी मागे हटू नये. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीशिवाय मान्यता मिळते आणि लागणारी भारवाढही वीज कंपनीनेच करून द्यायची असते.

आता छताविषयी. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. आपल्याकडची माळवदे लाकडी तुळयांवर तोललेली असतात, वर पांढऱ्या मातीचा थर असतो आणि दर पावसाळ्याआधी ती डागडुजी मागतात. त्यांत लोखंडी पाय रोवले की गळती ठरलेलीच. पण माळवद आहे म्हणून घर अपात्र ठरत नाही. उंच सांगाड्यावर बसवलेले पॅनेलही योजनेत धरले जातात, त्यामुळे भिंतीला लागून अंगणात स्वतंत्र खांब उभारता येतात. खर्च वाढतो, हे खरे आहे. पत्र्याच्या घरात आधी खालचे अँगल तपासून घ्यावेत, कारण वळवाच्या वाऱ्यात नुसता पत्राही टिकत नाही.

महिन्याला १०० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्यांसाठी आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राज्याची ‘स्मार्ट’ योजना आहे आणि तिचे अनुदान केंद्राच्या अनुदानावर जादा मिळते. पिवळ्या कार्डाचा उपयोग होतो तो इथे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट वीज देते आणि घराला कुलूप असले तरी ती वीज मीटरमधून बाहेर जाऊन तुमच्या नावे जमा होते. जमा युनिटे पुढच्या महिन्यात वापरता येतात, पण मार्चअखेर त्यांचा हिशेब मिटवला जातो आणि ती पुढे वापरता येत नाहीत. तुम्ही परत येता तेही साधारण त्याच सुमारास, म्हणून अशा घरांनी मोठा संच घेण्याच्या भरीस पडू नये. एक किलोवॅट पुरेसा आहे. शिवाय अनुदान संच सुरू झाल्यावरच खात्यात येते आणि त्याआधी तपासणीला माणूस घरी येतो. तेव्हा अर्ज कारखान्यावरून परतल्यावर करावा आणि बिलावरच्या नावाचे काम दसऱ्याला कोयता उचलण्याआधी उरकून घ्यावे.