चालकविरहित गाडीतला खेळ आणि घाटातली मळमळ

नमस्कार. चालकविरहित गाडीत बसलेल्या चार प्रवाशांसाठी एकत्र खेळायचा गेम कसा रचावा, असे तुमच्यापैकी अनेक जण विचारत आहेत. वेमो या अमेरिकी कंपनीने फिनिक्स परिसरात 2020 मध्ये चालकाविना टॅक्सी सर्वांसाठी खुली केली. मुंबईत ती नसली, तरी गेम रचणाऱ्यांनी आजच विचार करायला हवा. सामायिक पडदा आणि प्रत्येकाचा फोन हाच रिमोट, ही मांडणी सोपी आहे. बीएमडब्ल्यूने 2023 च्या 5 सिरीज गाडीत एअरकन्सोल ही फोनने खेळायची गेम-सेवा आणली ती अशीच, मात्र गाडी उभी असताना खेळण्यासाठी.

अडचण गाडी धावू लागल्यावर सुरू होते. दादरहून पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटात माझी पुतणी फोनवर खेळत होती आणि काही वळणांतच तिला उलटी झाली. गाडी चालवणाऱ्या दादाला मात्र काहीही झाले नाही. आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका वळण नोंदवतात, तर पडद्यावर खिळलेले डोळे सारे स्थिर असल्याचे सांगतात, आणि या विसंगतीतून मळमळ उद्भवते. दादाला वळण आधीच दिसते, म्हणून त्याचे शरीर आधीच सावरते.

एका प्रेक्षकांनी पडदा मोठा करण्याचा उपाय सुचवला आहे. मला तो अजिबात पटत नाही, कारण मोठा पडदा खिडकीबाहेरचे क्षितिजही झाकून टाकतो. पडद्यावरचे जग गाडीबरोबर वळले पाहिजे, आणि ते वळणार असल्याचे खेळाडूला क्षणभर आधी कळले पाहिजे. चालकविरहित गाडी आपला पुढचा मार्ग सतत आखत असते. तो मार्ग गेमला मिळाला, तर दादाचे पूर्वज्ञान चौघांनाही मिळेल.

याच कारणाने मी दोन वेगळ्या गाड्यांतील स्पर्धेच्या विरोधात आहे. एका गाडीने ब्रेक लावला की तिच्यातल्याच खेळाडूंची बोटे घसरतात, आणि हार-जीत रस्ता ठरवतो. एकाच गाडीतील चौघांना मात्र धक्का एकदमच बसतो, म्हणून चौघांनी मिळून होडी वल्हवण्याचा खेळ मला योग्य वाटतो: वळण येण्यापूर्वी लाट दिसावी आणि सर्वांनी त्या बाजूला झुकावे.

परतीच्या प्रवासात आम्ही फोन बाजूला ठेवून हाच खेळ तोंडी खेळलो. दादा वळणाआधी "डावीकडे!" म्हणायचा, आम्ही झुकायचो, आणि घाट उतरेपर्यंत पुतणी "आता कुठे?" असे विचारत खिडकीबाहेर पाहत होती.