कोहिमा: टेनिस कोर्टाच्या कडेला

नागालँडमधल्या कोहिमाच्या युद्ध दफनभूमीतली ही पांढरी रेघ बघा. सिमेंटात कायमची बसवलेली. कुणाच्या थडग्याची ही कड नाही, टेनिस कोर्टाची आहे. नागा हिल्सचे डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉसी यांचा बंगला इथे होता. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४४ मध्ये या कोर्टाच्या एका अंगाला जपानी, दुसऱ्या अंगाला आपली, म्हणजे ब्रिटिश-भारतीय फौज. इकडून फेकलेला हातबॉम्ब तिकडच्या खंदकात पडावा, एवढंच मधलं अंतर.

जपानची ३१ वी डिव्हिजन ब्रह्मदेशातून आली होती. पुढे दिमापूरला रेल्वे आणि रसदीची कोठारं. वाटेत ही टेकडी. ब्रिटिशांची रॉयल वेस्ट केंट पलटण, आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स, सगळे मिळून दीड हजारांच्या आसपास लढणारे. दोन आठवडे वेढा. प्यायचं पाणीसुद्धा विमानातून टाकावं लागलं. जखमींना पाठुंगळी घेऊन डोंगर उतरवणारे नागा गावकरी नसते, तर इथली थडगी आणखी वाढली असती. जपान्यांनी अडवलेला इथून इंफाळला जाणारा रस्ता मोकळा झाला तो २२ जूनला.

आणि एक गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवी होती. कोहिमाच्या आधी, मणिपुरातल्या सांगशाक गावाशी जपान्यांना ५० वी पॅराशूट ब्रिगेड आडवी आली. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम येईपर्यंत ते हटले नाहीत. ते मोलाचे दिवस कोहिमाला मिळाले.

आज दिमापूरहून घाट चढून आलात की शहराच्या ऐन मध्यावर ही दफनभूमी लागते. नागालँडचा इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, आधी काढून ठेवा. उतारावर टप्प्याटप्प्याने १,४२० थडगी आहेत. बुटक्या दगडावर ब्राँझची पाटी. वाकल्याशिवाय वाचता येत नाही. कोर्टाशेजारचं चेरीचं झाड लढाईत उद्ध्वस्त झालं. त्याच्याच बुंध्यातून फुटलेलं हे आजचं झाड.

खालच्या स्मारकशिळेपाशी फोटो काढून परत फिरू नका. दम लागला तरी माथ्यापर्यंत चढा. तिथल्या स्मारकावर ९१७ हिंदू आणि शीख जवानांची नावं आहेत. त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला, म्हणून खाली त्यांचं थडगं नाही. जे आहे ते एवढं नावच. घाई करू नका. एकेक नाव वाचा, जमलं तर मोठ्याने.